छाटीचा खेळ

आमच्या घरी दुपार झाली हे कळायला घड्याळ लागत नसे. कात्रीच्या आवाजावरून ते कळे. आई सकाळी भिजवून ओल्या पोत्यात गुंडाळलेली तेंदूची पानं बाहेर काढायची, पत्र्याचं चौकोनी माप पानावर ठेवायची आणि मापाच्या कडेकडेनं कात्री फिरवायची. कर्र, कर्र, कच्च. शेजारच्या यशोदाकाकू आपलं सूप घेऊन आमच्या सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, येऊन बसायच्या, कारण हिवाळ्यात आमच्या सपरीत ऊन जास्त वेळ टिकायचं, आणि मग दोन कात्र्यांचा आवाज एकमेकींत मिसळून जायचा. पानं कापून झाली की दोघी सूप मांडीवर घेत. सुपात एकीकडे पानं, एकीकडे तंबाखूचा ढीग, मधे दोऱ्याचं रीळ. पान, चिमूटभर तंबाखू, दोन बोटांत एक वळसा, टोकदार काडीनं तोंड दुमडायचं, दोऱ्याचे दोन फेरे. झाली बिडी. पंचवीस झाल्या की एक जुडी. तंबाखूचा वास आमच्या घरात सगळ्यालाच होता, भांड्यांना, गोधड्यांना, माझ्या वह्यांना. कॉलेजला जाताना मी एसटीत मुद्दाम खिडकीजवळ बसायची, आपला वास शेजारच्या मुलीला येऊ नये म्हणून. आज हे लिहिताना मला त्याची लाज वाटते. तेव्हा वासाची वाटायची.

करडी गावाच्या पुढं, रस्ता जिथं धानाच्या बांध्यांमधून, बांध घातलेल्या शेतांमधून, वळतो, तिथं आमचं गाव. बाबा राइस मिलमध्ये कामाला होते. संध्याकाळी घरी येत तेव्हा त्यांच्या भुवया आणि पापण्या कोंड्यानं पांढऱ्या झालेल्या असत, आणि आई रोज तेच म्हणायची, "आले वं म्हातारेबुवा." आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजला गेलं नव्हतं. मी भंडाऱ्याला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते, आणि ते जाणंयेणं आईच्या बिड्यांवर चालत होतं. हे कुणी बोलून दाखवत नसे. पण शनिवारी आई कारखान्यावर बिड्या देऊन परत आली की तिच्या टोपलीत पुढच्या आठवड्याची पानं किती आहेत, हे मी आधी बघायची. पानं म्हणजे काम. कारखान्यावर ज्या बाईचं पान बंद झालं, तिचं सगळंच बंद झालं. त्या हिवाळ्यात आईच्या टोपलीतली पानं कमी कमी होत चालली होती. छाट वाढली होती. छाट म्हणजे कारखान्याच्या मुनीमजींनी खराब म्हणून बाजूला काढलेल्या बिड्या. मेहनत तेवढीच लागते, पण त्या मोजल्या जात नाहीत. का वाढली, हे आई सांगत नव्हती. "मुनीमजीचं डोकं फिरलं असन," एवढंच म्हणायची.

त्याच दिवसांत आमच्या अर्थशास्त्राच्या मॅडमनी वर्गात एक वेगळंच काम दिलं. स्नेहसंमेलनात एक दालन लावायचं होतं. प्रत्येकानं आपल्या गावात माणसं कशावर जगतात ते दाखवणारा एक खेळ तयार करायचा, येणाऱ्यांनी तो बसून खेळायचा. कुणी धानाच्या रोवणीची सापशिडी करणार होतं, कुणी पितळी भांड्यांच्या बाजाराचा खेळ. मी हात वर केला आणि 'बिडीचा' म्हणाले. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. मॅडम म्हणाल्या, "छान. पण नुसती माहिती नको. खेळ समतोल हवा आणि मजेचाही हवा. दोन्ही जमवणं सोपं नाही." मी ते वाक्य जसंच्या तसं वहीत लिहून घेतलं. मी तेव्हा सगळंच लिहून घ्यायची.

पत्ते केले ते जुन्या लग्नपत्रिकांचे. आमच्याकडे पत्रिका फेकत नसत, खाटेखालच्या पेटीत साठवून ठेवत. आईनं तिची तेंदूची कात्री आणि पत्र्याचं माप काढलं आणि तासाभरात शंभरेक पत्रिकांचे चौकोन कापून माझ्यापुढं ठेवले. एकूणएक सारखे. मी पाठीमागच्या कोऱ्या बाजूला चित्रं काढली. हिरवं पान, तपकिरी तंबाखू, गुलाबी दोरा. तिन्ही मिळाले की एक बिडी, पाच बिड्या आधी करील त्याची खेळातली जुडी, तो जिंकला. मला वाटलं, झाला खेळ. त्या रविवारी आईनं आयते, म्हणजे तांदळाची धिरडी, केले होते. तव्यावर तांदळाचं पीठ पसरल्याचा चर्र आवाज, जवसाची चटणी, आणि सपरीत मी, बाबा आणि यशोदाकाकू पत्ते खेळत बसलो. तिसऱ्या डावाला बाबा बसल्या बसल्या झोपले. काकू म्हणाल्या, "पोरी, रोज बिड्याच वळतो न आमी. आता कागदाच्याबी वळायच्या?"

आई आतून हात पुसत आली. चौकटीला टेकून तिनं थोडा वेळ आमचा डाव पाहिला.

"याच्यात छाट कुठी आहे?" ती म्हणाली.

"छाट नाही ठेवली," मी म्हणाले.

"छाट नाही त बिडी कायची? आन मुनीम कुठी आहे? बिनामुनीमचा कारखाना मी त जनमात नाही पाह्यला."

मुनीमचा पत्ता असा आला. खरं तर तो आईचाच. मी चार कोऱ्या पत्त्यांवर चष्मा आणि मिशी काढली. नियम आम्ही तिथंच आयते खाताखाता ठरवला. ज्याच्या हाती मुनीमचा पत्ता येईल त्यानं चष्मा लावायचा, समोरच्या कुणाची तरी तयार बिडी हातात घ्यायची, निरखून पाहायची आणि ती छाटण्याचं कारण सांगायचं. कारण काहीही चालेल. बिडीचा मालक हसला, तर बिडी छाट, पत्ते परत गठ्ठ्यात. मालक हसला नाही, तर मुनीमचा पत्ताच त्याला द्यायचा, पुढच्या वेळी तो मुनीम. चष्मा होता बाबांचा. डोळ्यांच्या शिबिरात मिळालेला, जवळचं पाहायचा. त्याची एक काडी तुटली होती, तिथं आईनं बिडीचाच गुलाबी दोरा बांधून दिला होता. बाबा तो लावत नसत. "जवळचं असं पाहायचं काय आहे?" म्हणत, आणि चष्मा खिडकीच्या फळीवर धूळ खात पडला होता. त्यांना तो मिळाला त्या दिवशी आईही शिबिराला जाणार होती, पण तो बिड्या द्यायचा वार होता.

आईच्या हाती पहिल्यांदा मुनीम आला तो क्षण मला अजून दिसतो. तिनं चष्मा लावला, काडीचा दोरा कानामागं अडकवला, पदर खोचला, जिभेनं 'च्च' केलं, आणि आमच्या सपरीत साक्षात मुनीमजी येऊन बसले. खरे मुनीमजी जुन्या विणकर घराण्यातले होते. दोऱ्यावर त्यांची नजर फार, आणि बोलताना दर वाक्याला 'आमच्या घरी माग होता' म्हणायची सवय. आईनं यशोदाकाकूंची बिडी उचलली, उजेडाकडं धरली, फिरवली.

"यशोदाबाई, आमच्या घरी माग होता. दोऱ्याचं मले शिकवू नका. ही बिडी तुमी वळली का बिडीनं तुमाले वळलं?"

काकूंनी ओठ घट्ट मिटून धरले. आईनं बिडी नाकाशी नेली. "याच्यात तंबाखू कमी आन तुमच्या सुनेची चुगली जास्त भरली आहे. ओढनाऱ्याले खोकला नाही येनार, घरात भांडन लागन. छाट!"

काकू पदर तोंडाला लावून आडव्या झाल्या. मी हसले. झोपलेले बाबा उठून हसले. पुढच्या डावात आईनं बाबांची बिडी छाटली, "ही पाह्य, तुमच्यासारखीच, तोंड बंद आन आतून रिकामी" म्हणून. त्याच्या पुढच्यात माझी. खेळ एकदम जिवंत झाला. दुपार झाली की आता काकू सूप खाली ठेवायच्या आधी विचारत, "पत्ते काढू का?" दोन जुड्या वळायच्या आणि एक डाव खेळायचा, असं चालू झालं, आणि मी नि बाबा घरी आलो की संध्याकाळी पुन्हा डाव बसायचा.

अडचण एकच होती, आईच जिंकायची. मी वहीत रकाने पाडून वीस डाव टिपून ठेवले. त्यातले चौदा तिचे. मुनीमचा पत्ता दुसऱ्या कुणाच्या हाती आला तर कधी हसू यायचं, कधी नाही. आईच्या हाती आला की समोरच्याची बिडी गेलीच. बाबा कुरकुरू लागले. "हे काही खरं नाही, अजी. हा पत्ता काढून टाक, सुजाता. याच्यानं सारा खेळ हिचाच होऊन राहिला." आई म्हणाली, "मंग तुमी नका हासू. कोन सांगतलं हासाले?" मी वही मॅडमना दाखवली. त्यांनी रकाने बारकाईनं पाहिले आणि म्हणाल्या, "कल्पना फार छान आहे. पण एकाच पत्त्यावर सगळं ठरायला लागलं तर बाकीचे कशाला खेळतील? याचा तोल साध. आणि ऐक, दालनात मांडण्याआधी घराबाहेरच्या आठदहा माणसांकडून खेळून घे."

मग मी तोल साधायच्या मागे लागले. त्या दोन आठवड्यांत मी त्या पत्त्याला काय काय केलं! पहिल्यांदा नियम केला, मुनीमनं तीनच शब्द बोलायचे. आई म्हणाली, "दोरा, घोरा, छाट," आणि 'घोरा' म्हणताना बाबांकडे असं पाहिलं की डाव तिथंच संपला. मग केलं, बोलायचंच नाही, नुसती खूण. ते तर आणखी वाईट झालं, तिचं नुसतं 'च्च' पुरेसं होतं. मग मालकानं तोंडात पाणी धरायचं, असा नियम केला. काकूंनी माझ्या अभ्यासाच्या पुस्तकावर पाणी उडवलं. प्रत्येक वेळी एक तर आई जिंकायची, नाही तर खेळ मरायचा. शेवटी एके दिवशी मला सुचलं की हे सगळं त्या चष्म्यानं होतंय. चष्मा लावला की आई मुनीमजी होते, म्हणून लोक हसतात. शिवाय तिच्या डोळ्यावर चष्मा आला की लवकर उतरतच नसे. पाळी संपली तरी ती तो तसाच ठेवून हातातले पत्ते बघत बसायची, आणि मी म्हणायची, "आई, चष्मा दे न, माझा नंबर आहे." मी नवा नियम लिहिला. मुनीमनं चष्मा लावायचा नाही.

आणि तोल साधला गेला. आईच्या हाती मुनीम आला, तिनं काकूंची बिडी उचलली, लांब धरली, जवळ धरली, आणि काहीतरी बोलली, पण ते जमलं नाही. पुढच्या डावात तिनं दोऱ्याच्या जागी तंबाखूचा पत्ता लावून 'बिडी झाली' म्हटलं. बाबा हसले, "नियमबी विसरली का?" ती म्हणाली, "विसरली असन." त्या दिवशी ती चारही डाव हरली. पुढचे दोन दिवस माझे रकाने अगदी सारखे भरत गेले, बाबा, मी, काकू, आळीपाळीनं. मी वहीत लिहिलं, 'तोल साधला', आणि खाली दोन रेघा ओढल्या. ती वही अजून माझ्याजवळ आहे. त्या दोन रेघा मी कधी खोडल्या नाहीत, पण त्यांच्याकडे बघवत नाही. तिसऱ्या दिवशी काकूंनी पत्ते काढले तेव्हा आई म्हणाली, "तुमीच खेळा. मले पानं कापायचे आहेत." मला वाटलं, हरायला लागली म्हणून रुसली.

त्या शनिवारी कॉलेजला सुट्टी होती. मी आईबरोबर टोपली घेऊन कारखान्यावर गेले. कारखाना म्हणजे एक लांब कौलारू खोली आणि तिच्यापुढं ओटा. ओट्यावर बायका ओळीनं बसून वाट बघत. आत टेबलामागं मुनीमजी बसत, नाकावर चष्मा, समोर टोपल्या. मी त्यांना लहानपणापासून पाहत होते, पण त्या दिवशी पहिल्यांदाच नीट पाहिलं, कारण आईचा मुनीम आणि हे मुनीम किती सारखे आहेत ते मला बघायचं होतं. त्यांनी आईची एक जुडी सोडली. एक बिडी उचलली, 'च्च' केलं, बाजूला ठेवली. दुसरी. तिसरी. छाटीचा ढीग वाढत गेला.

"कांताबाई, आमच्या घरी माग होता," ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात चेष्टा नव्हती, थकवा होता. "हा दोरा पाहा. एक फेरा तोंडाच्या वर, एक खाली. बोट लावलं का सुटते. तुमचा हात असा नोता. काय झालं?"

"थंडीनं बोटं आखडून राहिले, मुनीमजी."

"मले वरून बोलनं खा लागते. पुढच्या शनिवारी एवढीच छाट निघाली त मले पान बंद करा लागन. मंग म्हनू नका सांगतलं नाही."

आईनं मान हलवली आणि ती बिडी उचलून पाहिली. हात पूर्ण लांब करून धरली. मग डोळ्याजवळ आणली. मग पुन्हा लांब. त्या क्षणी मला सगळं एकदम कळलं. ती पत्तासुद्धा असाच धरत होती. दोरा आणि तंबाखू तिला वेगळे दिसतच नव्हते. बाबांचा चष्मा नाकावर आला की तिला माझी चित्रं दिसत, काकूंच्या ओठांच्या कडेला फुटणारं हसू दिसे, कुठल्या शब्दावर माणूस फुटेल ते दिसे. म्हणून ती जिंकत होती, आणि म्हणून चष्मा उतरवत नव्हती. मी तो काढून घेतला होता, आणि वर दोन रेघा ओढल्या होत्या.

परतीच्या वाटेवर दोन्ही बाजूंना धान कापलेल्या मोकळ्या बांध्या होत्या. मी पुढं होऊन तिच्याकडं पाहिलं. मग विचारलं, "आई, तुला जवळचं दिसत नाही?"

"दिसते न."

"चष्मा लावून वळत जा न बिड्या."

ती थांबली. टोपली या कमरेवरून त्या कमरेवर घेतली. "येडी झाली का? पार्वताबाईले चष्मा लागला, त मुनीमजीनं तिचं पान अर्ध केलं. चष्मा लागला म्हंजे बाई संपली, असं म्हनते ते. यशोदीनं एकदा पाह्यलं त कारखान्यावर बोभाटा होईन." आणि थोडं चालून गेल्यावर ती हळूच म्हणाली, "खेळात बरं होतं. खेळात कोनी काही म्हनत नोतं."

हे वाक्य मी अजून विसरलेले नाही. मला आता स्वतःला जवळचा चष्मा लागला आहे. पहिल्या दिवशी तो लावून शिकवायला वर्गात गेले तेव्हा मुलांनी 'मॅडम, छान दिसतो' म्हटलं. तेवढंच झालं.

त्या आठवड्यात आईनं आतल्या खोलीत दार लोटून बिड्या वळल्या, बाबांचा चष्मा लावून. बाबांनी यशोदाकाकूंना सांगितलं, कांताला खोकला झाला आहे, उन्हात नको. मिलमधून आल्यावर बाबा पापण्यांवरचा कोंडासुद्धा न पुसता दाराशी बसत आणि काकूंची पावलं वाजली की आईपेक्षा मोठ्यानं खोकत. एकदा काकूंनी विचारलंच, "खोकला नेमका कोनाले झाला वं?" दोरा आता तोंडाच्या बरोबर खाली बसत होता. आई एकेक बिडी हातात फिरवून बघायची आणि स्वतःशीच हसायची. पण मला माहीत होतं, आणि तिलाही, की दार किती दिवस लोटून ठेवणार.

शनिवारी मी पुन्हा तिच्याबरोबर गेले. संमेलन सोमवारी होतं आणि मॅडमनी सांगितलेली आठदहा माणसं मला अजून मिळाली नव्हती. ओट्यावर बायका वाट बघत बसल्या होत्या, मुनीमजी यायचे होते. मी भीतभीत पिशवीतून पत्ते काढले. बरोबर चष्माही काढला.

"तो कायले आनला?" आई कुजबुजली.

"नियमात आहे," मी म्हणाले. त्या दिवशी सकाळीच मी वहीत तो पुन्हा लिहिला होता.

काकूंनीच बायकांना खेळ समजावला, आणि हां हां म्हणता सात-आठ जणी गोल करून बसल्या. पहिला मुनीम आला काकूंच्याच हाती. चष्मा लावायची पाळी त्यांच्यावर आजवर आली नव्हती असं नाही, पण घरी त्या तो नाकाच्या शेंड्यावर ठेवून नुसतं नाटक करत. इथं सगळ्या बघतायत म्हणून त्यांनी तो नीट बसवला, कारण शोधायला इकडंतिकडं पाहिलं, आणि त्यांची नजर त्यांच्याच टोपलीवर गेली. त्यांनी त्यातली एक खरी बिडी उचलली. ती बोटांत फिरवली, पुन्हा फिरवली.

"अवं कांते," मग त्या म्हणाल्या, "ह्या कोन वळल्या?"

"तूच त वळल्या."

"अवं माय! मुनीमजी खोटं नोते बोलत वं!"

ओटा हसून हसून हलला. काकू मात्र हसल्या नाहीत. त्या जुडी सोडून दोरे पुन्हा बांधायला बसल्या. "मले पाहू दे, मले पाहू दे" म्हणत चष्मा या हातातून त्या हातात जाऊ लागला. ज्या बाईच्या डोळ्यावर तो येई, ती आधी हसायची, मग टोपलीत बघायची, मग एखादी जुडी सोडून बसायची. एकीनं नुसता आपला हात पाहिला, उलटा, सुलटा, आणि म्हणाली, "एवढ्या चिरा पडल्या का माह्या बोटाले?" खेळ बाजूलाच राहिला होता. मी वही उघडून बसले होते, पण कुठल्या रकान्यात काय लिहावं ते मला कळत नव्हतं.

तेवढ्यात मुनीमजी आले. चष्मा ज्या बाईकडं होता तिनं तो घाईनं उतरवून मधे ठेवला.

"काय चालू आहे?" ते म्हणाले.

मी आईच्या शेजारी बसले होते. तिच्या हातात डाव थांबण्याआधी ओढलेला पत्ता होता आणि तो फक्त मला दिसत होता. मिशी आणि चष्मा. ती तो गुपचूप गठ्ठ्यात परत घालू शकली असती. मला मनातून वाटत होतं, घाल. पान बंद झालं तर काय, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता. आईनं हात लांब केला, चष्मा उचलला, डोळ्यावर लावला, गुलाबी दोरा कानामागं अडकवला आणि वर मुनीमजींकडं पाहिलं.

"पोरीच्या कॉलेजचा खेळ आहे, मुनीमजी. बसा. ही बिडी तुमची समजा." तिनं आपल्यापुढले तीन पत्ते उचलले, उजेडाकडं धरले, फिरवले. जिभेनं 'च्च' केलं. "दोरा बरोबर आहे. पान बरोबर आहे. तंबाखूबी बरोबर आहे." ती थांबली. "पन मुनीमजी, आमच्या घरी माग होता. ही बिडी फारच चांगली आहे. हे तुमची नसन. छाट!"

बायकांनी पदर तोंडात कोंबले. मुनीमजी हसले नाहीत. त्यांच्या मिशीचं एक टोक हललं असेल, पण मी खात्रीनं नाही सांगू शकत. आपला चष्मा काढून त्यांनी धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावला.

"मंग? आता काय?" त्यांनी मला विचारलं.

"तुम्ही हसला नाहीत," मी म्हणाले, "म्हणून... मुनीमचा पत्ता तुमचा."

आईनं तो पत्ता त्यांच्यापुढं धरला. त्यांनी तो घेतला, चित्र पाहिलं, सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि आत गेले. दार लोटलं. आणि मग आतून, भिंतीपलीकडून, एक हसणं ऐकू आलं. आधी दाबलेलं, मग न आवरणारं, खोकल्यात मिसळलेलं. आमच्यातली एकही बाई हलली नाही. आम्ही ते संपेपर्यंत ऐकलं.

आईची टोपली टेबलावर गेली तेव्हा चष्मा तिच्या डोळ्यावरच होता. मुनीमजींनी जुड्या सोडल्या, एकेक बिडी पाहिली. छाट निघाली चार. त्यांनी पुढच्या आठवड्याची पानं पुरी मोजून दिली आणि मान वर न करता म्हणाले, "चष्म्याची काडी नीट करून घ्या, कांताबाई. दोरा कच्चा बांधला." मग दाराकडं बघून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "ज्यायले लागते त्यायनं लावूनच येत जा. माह्या डोळ्याचा तरास वाचन." मागून काकूंचा आवाज आला, "शिबिर कधी आहे म्हने?"

सोमवारी दालनात मॅडम स्वतः खेळायला बसल्या, माझ्या वर्गातल्या तीन मुलांबरोबर. मागच्या बाकावरून हसलेला मुलगाही त्यात होता. मुनीमच्या प्रत्येक पत्त्याला हशा पिकत होता, पण जिंकत होता कधी हा, कधी तो. मी लांब उभी राहून पाहत होते. मॅडमनी सात डाव खेळून पत्ते खाली ठेवले.

"आता जमलं," त्या म्हणाल्या. "मजाही आहे आणि तोलही आहे. काय बदललंस?"

मी घाबरून गठ्ठा मोजला. खरं तर मुनीमजींनी पत्ता खिशात ठेवला तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

"काही नाही, मॅडम," मी म्हणाले. "चार मुनीम होते. एक कमी झाला."